वडिलांचं देहदान केलं, मग शेवटच्या दिवशी ते उठणार कुठून?

पत्र

आदरणीय ताई, प्रभूमध्ये सलाम.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, फेब्रुवारीत प्रभूमध्ये झोपी गेले. आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते आणि आमच्या चर्चच्या मंडळीत पंच होते. देहदानाचा अर्ज त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी भरून ठेवला होता. आईला ते कधीच पटलं नाही. कबरस्तानात आमच्या दोघांची जागा शेजारी शेजारी, असं ती आधीपासून म्हणायची. दादा गेले तेव्हा मेडिकल कॉलेजच्या कागदावर मी सही केली. मुंबईहून काका पोचेपर्यंत गाडी निघून गेली होती. आता काका म्हणतात, "शेवटचा कर्णा वाजेल तेव्हा माझा भाऊ उठणार कुठून? बाटल्यांतून?" मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला योसेफाच्या अस्थींचं आणि यहेज्केल संदेष्ट्याला दिसलेल्या खोऱ्यातल्या हाडांचं वचन काढून दाखवलं. आई भक्तीला येते, पण पुनरुत्थानाचं गीत सुरू झालं की उठून बाहेर जाते. रात्री मला विचारते, "त्यांना कापलं असेल का गं?" मला रडू आलं तर बायका म्हणतात, विश्वासणाऱ्यांनी असं रडू नये, साक्ष बिघडते. माझा सात वर्षांचा मुलगा विचारतो, आजोबांची कबर कुठे आहे. ताई, मी पाप केलं का? दादा उठतील ना?

— श्रीरामपूर तालुक्यातली एक लेक

उत्तर

प्रिय भगिनी, सलाम.

तुमच्या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देते. तुम्ही पाप केलेलं नाही. आणि दादा प्रभूवर विश्वास ठेवून गेले आहेत, तर ते उठतील. देह कबरस्तानाऐवजी कॉलेजात गेला म्हणून त्यात तसूभरही फरक पडत नाही. हे मी तुमची समजूत घालायला म्हणत नाही, पवित्र शास्त्राच्या आणि मंडळीच्या इतिहासाच्या आधारावर म्हणते. तो आधार पुढे सविस्तर लिहिते, म्हणजे तुम्हाला तो आईंना वाचून दाखवता येईल.

काकांनी "बाटल्यांतून" हा शब्द वापरायला नको होता. भाऊ गमावलेल्या माणसाच्या तोंडून तो निघाला, म्हणून तो शब्द सोडून देऊ. प्रश्न मात्र खरा आहे आणि फार जुना आहे. इसवी सन ५५ च्या सुमाराला प्रेषित पौलाने इफिसहून करिंथच्या मंडळीला पत्र लिहिलं, तेव्हा तिथली काही माणसं हेच विचारत होती: मेलेले उठतात कसे, आणि कोणत्या शरीराने येतात? पहिल्या करिंथकरांसच्या पंधराव्या अध्यायात हा प्रश्न जसाच्या तसा आहे. करिंथ हे ग्रीक बंदराचं शहर. देहातून सुटणं म्हणजेच मुक्ती, असं मानणारी पुष्कळ माणसं तिथे होती, त्यामुळे देह उठणार ही गोष्ट त्यांना हास्यास्पद वाटायची. पौल त्यांना शेतात घेऊन जातो. तू पेरतोस तो नुसता दाणा असतो, पुढे होणारं अंग तू पेरत नाहीस, असं तो म्हणतो.

तुमच्या भागात हे कोणाला समजावून सांगावं लागणार नाही. रब्बीची ज्वारी पाभरीने पेरली आणि पंधरा दिवसांनी ती जागा उकरून पाहिली, तर तो दाणा सापडत नाही, सापडलंच तर रिकामं टरफल. तरी कुणी शेतकरी "माझा दाणा हरवला" म्हणून रडत नाही. आणि ज्वारी पेरली तर ज्वारीच उगवते, बाजरी उगवत नाही. पौलाला ह्या दोन्ही गोष्टी एकत्र सांगायच्या आहेत. जे उठेल ते दुसऱ्या कोणाचं असणार नाही, दादा दादा म्हणूनच उठतील. पण त्यासाठी देवाला जुना दाणा साठवून ठेवण्याची गरज नाही.

नाहीतर कबरीत ठेवलेल्यांचं तरी काय होतं? पेटी कुजते, देह मातीला मिळतो. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातच देवाने आदामाला ते सांगून ठेवलं आहे. मोठ्या शहरांतल्या कबरस्तानांत जागा नाही म्हणून काही वर्षांनी तीच कबर उघडून त्याच कुटुंबातल्या दुसऱ्याला तिथे माती देतात, हे काकांनी मुंबईत पाहिलंच असेल. त्यांच्या आईवडिलांच्या देहांचं आज मातीत काय उरलं आहे, हे तेही सांगू शकणार नाहीत. तरीही त्यांच्या पुनरुत्थानाबद्दल काकांच्या मनात शंका नाही. मग भावाबद्दल का असावी? समुद्रात बुडालेल्यांचा विचार योहानाने प्रकटीकरणात केला आहे. विसाव्या अध्यायात समुद्र आपल्यातले मेलेले परत देतो. देवाने उठवायचं ठरवल्यावर समुद्राला, मातीला किंवा आगीला ते धरून ठेवता येत नाही.

आता मंडळीतल्या त्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी दाखवलेल्या वचनांकडे येऊ. योसेफाने मरताना आपल्या अस्थी मिसर देशातून घेऊन जायला सांगितलं, हे खरं आहे, आणि इब्री लोकांस पत्रात ते विश्वासाचं उदाहरण म्हणून दिलं आहे. पण कसला विश्वास? देव आपल्या लोकांना वचनदत्त देशात नेईलच, ह्याचा. अस्थी नेल्या नाहीत तर देवाला मला उठवता येणार नाही, असं योसेफ कुठेही म्हणत नाही. यहेज्केलाचं दर्शन तर बाबेलच्या बंदिवासातलं आहे. त्या खोऱ्यातली हाडं म्हणजे सगळं इस्राएल घराणं, हा अर्थ त्याच अध्यायाच्या अकराव्या वचनात देवाने स्वतः सांगितला आहे. आशा संपलेल्या, परमुलखात पडलेल्या लोकांना परत उभं करण्याचं ते वचन आहे. आणि हाडांपुरतंच बोलायचं, तरी यहेज्केलाला ती किती दिसली? फार, आणि फार सुकलेली. ती जिवंत होतील का, असं देवाने विचारलं, तेव्हा यहेज्केलाने हाडं चांगली जपलेली आहेत की नाहीत हे पाहिलं नाही. हे तूच जाणतोस, एवढंच तो देवाला म्हणाला.

त्यांना तुम्ही एक गोष्ट विचारा, अगदी नम्रपणे. मोशेची कबर कुठे आहे? पवित्र शास्त्रातल्या अनुवाद ह्या पुस्तकाच्या चौतिसाव्या अध्यायात लिहिलं आहे की मवाब देशात देवानेच त्याला पुरलं, आणि त्याची कबर आजपर्यंत कोणाला ठाऊक नाही. ज्याच्या हातून नियमशास्त्र मिळालं त्या माणसाची कबर नाही, तिथे दगड नाही, तिथे जाऊन कोणी फूल ठेवलं नाही. आणि मग लूकच्या नवव्या अध्यायात, डोंगरावर प्रभूचं रूप पालटलं तेव्हा त्याच्याशी बोलत कोण उभं होतं? मोशे आणि एलीया. देवाला कबरीच्या पत्त्याची गरज नाही.

पण भगिनी, हे वाचून उद्या आईंना "देहाचं काय एवढं, तो तर पिंजरा, पाखरू उडून गेलं" असं कृपा करून म्हणू नका. आपल्याकडे मयतीच्या वेळी पाळकसाहेब नसले आणि कुणी तरी बोलायला उभं राहिलं, की हे हमखास ऐकायला येतं. ऐकायला गोड वाटतं, पण ती आपली आशा नाही. देह म्हणजे पिंजरा असता तर प्रभूने तिसऱ्या दिवशी तो पुन्हा घेतला नसता, आणि कबर रिकामी राहिली नसती. उठल्यानंतर त्याने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला. तिबिर्याच्या समुद्रकिनाऱ्यावर निखारे पेटवून त्यांच्यासाठी न्याहारी तयार ठेवली. थोमाला हातांतल्या खिळ्यांच्या खुणा आणि कुशीतली जखम दाखवली. तोच देह, पण आता मरण ज्याला शिवू शकत नाही असा. आपल्यालाही तसंच मिळणार आहे, म्हणून पौल त्याला प्रथमफळ म्हणतो.

म्हणून आईंचं "त्यांना कापलं असेल का गं?" हे विचारणं मला जराही अंधश्रद्धेचं वाटत नाही. ज्या माणसाला त्यांनी आयुष्यभर जेवू घातलं, आजारपणात उठवलं-बसवलं, त्याच्या देहाची काळजी त्याचा श्वास थांबला म्हणून त्याच क्षणी थांबत नाही. आठवड्याच्या पहिल्या दिवशी पहाटे कबरीकडे निघालेल्या बायका सुगंधी द्रव्यं घेऊन निघाल्या होत्या. त्यांना पुनरुत्थान ठाऊक नव्हतं, तरी त्यांच्या त्या मायेला प्रभूने नाव ठेवलं नाही. उलट, उठल्याची बातमी सगळ्यांत आधी त्यांनाच मिळाली. कबर हवीशी वाटणं चुकीचं नाही. आईंनाही दादांची कबर हवी होती. त्यांना ते मिळालं नाही आणि त्या दुःखी आहेत. त्या दुःखाला अविश्वास म्हणण्याचा अधिकार मंडळीतल्या कोणालाही नाही.

ह्या ठिकाणी मला फ्रान्समधल्या लिओं शहराच्या मंडळीची गोष्ट सांगायची आहे, कारण काकांचा प्रश्न तिथे शत्रूंनी विचारला होता. इसवी सन १७७. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसचा काळ. तिथल्या ख्रिस्ती लोकांना पकडून हालहाल करून मारलं. बिशप पोथिनस नव्वदीच्या पुढचे होते, ते तुरुंगातच गेले. ब्लांदिना नावाची एक दासी होती, तिला रिंगणात बैलापुढे टाकलं. एवढं करून छळणारे थांबले नाहीत. ते देह त्यांनी सहा दिवस उघड्यावर टाकून ठेवले, पहारा बसवला, नातलगांना माती देऊ दिली नाही, मग ते जाळले आणि राख रोन नदीत लोटून दिली. का? हे लोक पुनरुत्थानाच्या आशेवर मरणाला हसत सामोरे जातात, आता काहीच उरलं नाही, तर पाहू कसे उठतात, असं म्हणून. मागे उरलेल्या विश्वासणाऱ्यांनी हे सगळं आशियातल्या मंडळ्यांना पत्राने कळवलं, आणि इतिहासकार युसेबियसने ते पत्र जपून ठेवलं म्हणून ते आज आपल्यापर्यंत पोचलं आहे.

आता पुढचं ऐका. पोथिनसनंतर त्या मंडळीचे बिशप झाले इरेनेयस. ज्यांच्या लोकांची राख नदीतून वाहून गेली, ज्यांच्याजवळ पुरायला एक हाडही नव्हतं, तेच इरेनेयस, देहाचं पुनरुत्थान खोटं आहे म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायला बसले, आणि त्या शतकात ह्या विषयावर त्यांच्याइतकं नेटाने फार थोड्यांनी लिहिलं असेल. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ज्याने काहीच नव्हतं तेव्हा माणूस घडवला त्याला, जो एकदा होऊन गेला त्याला पुन्हा उभं करणं अवघड आहे का? राख वाहून गेल्यावर त्या मंडळीची आशा वाहून गेली नाही. ती आशा मुळात राखेवर ठेवलेलीच नव्हती. ज्याने येशूला मेलेल्यांतून उठवलं त्याच्यावर ठेवलेली होती. काकांना सांगायचं झालं तर मी हेच सांगेन.

आणि आईंसाठी मोनिकेची गोष्ट. संत ऑगस्टिनची ही आई उत्तर आफ्रिकेतली, आजच्या अल्जेरियातली. नवरा आधीच गेलेला. त्याच्या शेजारी आपली कबर असावी म्हणून तिने जागा तयार ठेवली होती, अगदी तुमच्या आईंसारखीच. पण इसवी सन ३८७ मध्ये घरी परतताना रोमजवळच्या ओस्तिया बंदरात ती आजारी पडली. तेव्हा तिला छप्पन्नावं वर्ष चालू होतं. मुलांच्या मनात एकच, आई परमुलखात जाते आहे. ती म्हणाली, हा देह कुठेही ठेवा, त्याची काळजी करू नका, फक्त प्रभूच्या वेदीजवळ माझी आठवण करा. इतक्या लांब देह ठेवून जायची भीती नाही का वाटत, असं कुणी तरी विचारलं, तेव्हा तिने दिलेलं उत्तर मी आईंना पुन्हा पुन्हा वाचून दाखवायला सांगेन: देवापासून काहीच लांब नाही, जगाच्या शेवटी मला कुठून उठवायचं हे त्याला कळणार नाही अशी भीती मला नाही. शेजारची जागा तिला किती हवी होती, हे ऑगस्टिनने स्वतः लिहून ठेवलं आहे. ती इच्छा तिने सोडून दिली. पुढे ऑगस्टिनने पुरलेल्या आणि न पुरलेल्या देहांविषयी पुष्कळ लिहिलं. दफनाचा मान राखणं मागे राहिलेल्यांसाठी चांगलं, पण ते न मिळाल्याने मेलेल्या विश्वासणाऱ्याचं काहीच बिघडत नाही, असं त्याचं म्हणणं.

कापण्याविषयी आईंनी विचारलं तर खोटं बोलू नका. हो, तिथे देह उघडून अभ्यास करतात. शरीररचनाशास्त्र विभागात तो औषधात जतन करून ठेवतात आणि पहिल्या वर्षाची मुलं-मुली त्यावरून माणसाचं शरीर शिकतात. काही कॉलेजांत पहिल्या दिवशी त्या देहासमोर उभं करून विद्यार्थ्यांकडून आदराची शपथ घेतात. दादांचा देह ज्या कॉलेजात आहे तिथल्या विभागप्रमुखांना जाऊन भेटा. अभ्यास संपल्यावर अवशेषांचं काय करतात, ते पुरायला परत मिळू शकतात का, दात्यांच्या कुटुंबीयांसाठी काही कार्यक्रम असतो का, हे विचारा. प्रत्येक कॉलेजची पद्धत वेगळी असते, पण विचारलं तर माहिती देतात. आईंची तयारी असेल तर त्यांनाही सोबत न्या. मनातल्या चित्रापेक्षा डोळ्यांनी पाहिलेलं बहुधा कमी भयंकर असतं.

शिवाय हेही सांगा की दादा शिक्षक होते. त्यांनी कित्येक वर्षांपूर्वी शांतपणे विचार करून आपला देह विद्यार्थ्यांना दिला. आपल्या राज्यात ह्याचा कायदा १९४९ पासून आहे, पण कायदा काहीही म्हणो, घरच्यांनी शेवटच्या क्षणी नको म्हटलं तर कॉलेज देह नेत नाही. म्हणून तुमची सही लागली, पण निर्णय दादांचाच होता, तुम्ही त्यांचा शब्द पाळलात. दर प्रभुभोजनाला आपण ऐकतो, हे माझे शरीर आहे, हे तुमच्यासाठी दिले जात आहे. दादांनी दिलं ते प्रभूने दिल्यासारखं नाही, ती बरोबरी होऊच शकत नाही. पण आयुष्यभर हे वचन ऐकलेल्या माणसाला आपला देह इतरांच्या कामी यावा असं वाटलं, तर त्यात मला ख्रिस्ती नसलेलं काही दिसत नाही. शास्त्रात देहदानाला कुठेही मनाई नाही. कॅथलिक मंडळीने १९६३ साली दहनाची मुभा देतानाही हेच धरून ठेवलं, की देहाचं काय केलं ह्याने देवाच्या सामर्थ्याला अडथळा येत नाही, फक्त पुनरुत्थान नाकारण्यासाठी ते केलेलं नसावं. मरणोत्तर अवयवदानालाही ती मंडळी पुण्यकर्म मानते. दादांनी पुनरुत्थान नाकारायला अर्ज भरला नव्हता, हे मंडळीत सगळ्यांना माहीत आहे.

रडण्याबद्दल. ज्या बायका तुम्हाला गप्प बसवतात त्यांना योहानाचा अकरावा अध्याय पूर्ण वाचायला सांगा. बेथानीला प्रभू पोचला तेव्हा लाजरला कबरीत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था पुढे आली आणि म्हणाली, शेवटल्या दिवशी माझा भाऊ उठेल हे मला ठाऊक आहे. तिचा विश्वास बरोबर होता, तुमच्या मंडळीत तो पूर्ण गुणांनी पास झाला असता. प्रभू तिला म्हणाला, "पुनरुत्थान व जीवन मीच आहे, जो माझ्यावर विश्वास ठेवतो तो मेला असला तरी जगेल." शेवटल्या दिवसाकडे पाहणाऱ्या तिला त्याने आपल्याकडे पाहायला लावलं. आणि मग, आणखी थोड्या वेळाने आपण ह्या माणसाला हाक मारून बाहेर बोलावणार हे ठाऊक असताना, तो मरीयेचं रडणं पाहून स्वतः रडला. पुनरुत्थान ज्याच्या हातात आहे तोच रडला. मग आपण कोण न रडणारे? मरण हा पौलाच्या शब्दांत शेवटचा शत्रू आहे. शत्रू हरणार हे नक्की आहे, पण तो अजून माणसं नेतो, आणि नेलेलं माणूस दुखतंच. थेस्सलनीकाच्या मंडळीला पौलाने "ज्यांना आशा नाही अशा बाकीच्या लोकांसारखा तुम्ही खेद करू नये" असं लिहिलं. खेदच करू नका, असं लिहिलं नाही. ऑगस्टिननेही आईच्या दफनाला लोकांदेखत अश्रू आवरले आणि नंतर एकटा असताना देवापुढे मनसोक्त रडला, आणि कोणी मला हसू नये असं लिहून ठेवलं. तुम्ही रडा, आईंनाही रडू द्या. साक्ष रडण्याने बिघडत नाही. दुःखात असलेल्या बहिणीला दटावल्याने मात्र बिघडते.

आई गीताच्या वेळी बाहेर जातात, तर जाऊ द्या. शक्य असेल तर तुम्हीही त्यांच्यासोबत बाहेर जाऊन बसा. त्यांचा देवावरचा विश्वास उडालेला नाही. उडाला असता तर त्या भक्तीला आल्याच नसत्या. पाळकसाहेबांना एकदा घरी बोलवा आणि सगळं सांगा, म्हणजे मंडळीत कोणी विचारलं तर ते तुमच्या वतीने बोलतील. आतापर्यंत ते स्वतःहून आले नसतील, तर वाट पाहू नका, निरोप धाडा.

मुलाला काय सांगायचं? मुलांना दोन गोष्टी कळतात, त्या क्रमाने सांगा. पहिली: आजोबा आत्ता प्रभूजवळ आहेत. वधस्तंभावर शेजारी असलेल्या अपराध्याला प्रभू म्हणाला होता, "आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील." त्याच्या देहाचं लोकांनी काय केलं हे शुभवर्तमानात लिहिलेलंसुद्धा नाही. दुसरी: एक दिवस प्रभू परत येईल, तेव्हा आजोबांना नवा देह मिळेल, तो आजारी पडणार नाही, आणि आपण त्यांना ओळखू. कबर कुठे आहे असं विचारलं तर खरं सांगा, की आजोबांनी आपला देह डॉक्टर होणाऱ्या मुलांना शिकण्यासाठी दिला. सात वर्षांच्या मुलाला ह्याचा अभिमानच वाटेल, जोवर मोठी माणसं त्याच्यासमोर बाटल्यांचं बोलत नाहीत. ते त्याच्यासमोर होऊ देऊ नका. आणि आजोबा झोपले आहेत एवढंच सांगून थांबू नका. आपण मोठी माणसं तो शब्द विश्वासाने वापरतो, पण लहान मूल त्याने रात्री झोपायला घाबरतं.

आईंना जाण्यासाठी जागा लागेल, हे मात्र खरं. २ नोव्हेंबरला सगळे आपापल्या माणसांच्या कबरी साफ करून चुना लावतात, फुलं-मेणबत्त्या ठेवतात, काही ठिकाणी ईस्टरची पहाटेची उपासनाही कबरस्तानातच होते. त्या दिवशी आईंनी कुठे उभं राहायचं? दादांच्या आईवडिलांची कबर तिथेच असेल तर पंच कमिटीची परवानगी घेऊन त्यावर दादांच्या नावाची पाटी लावा, किंवा आईंनी सांगितलेल्या जागेवर स्मृतिशिला बसवा. खाली देह नाही म्हणून ती खोटी ठरत नाही. त्यावर नाव, जन्म आणि मृत्यूची सालं, "देह विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी दिला" ही ओळ, आणि एक वचन. शेजारची जागा आईंसाठी राखून ठेवण्याविषयी कमिटीशी त्याच वेळी बोला. आपली जागा दादांच्या नावाशेजारी आहे हे कळलं की आईंना निम्मा धीर येईल असं मला वाटतं.

राहिले काका. भगिनी, त्यांच्याशी शास्त्रावरून वाद घालू नका, निदान आधी तरी नको. पत्रात तुम्ही एक वाक्य ओझरतं लिहून गेला आहात, की ते पोचेपर्यंत गाडी निघून गेली होती. देहदानात वेळ फार थोडा असतो. डोळे तर सहा तासांच्या आत घ्यावे लागतात आणि देहही लवकर पोचवावा लागतो, म्हणून तुम्ही थांबू शकला नाहीत हे मला कळतं. पण एका भावाला भावाचं शेवटचं तोंड पाहायला मिळालं नाही, पेटीला खांदा देता आला नाही, मूठभर माती टाकता आली नाही. तो राग त्यांनी कर्ण्याच्या वचनात गुंडाळून तुमच्यावर काढला. मुंबईला जा, फोनवर नको. आईंना घेऊन जा. आधी एवढंच म्हणा, "काका, तुम्हाला दादांना शेवटचं पाहता आलं नाही, ह्याचं मला फार वाईट वाटतं." मग ते बोलतील, रागावतीलही, तुम्ही ऐकून घ्या. त्यांनी स्वतःहून पुनरुत्थानाचा विषय काढला तरच करिंथकरांस पत्र उघडा, आणि तेही दोघांनी मिळून वाचा. निघताना स्मृतिशिलेचा कागद त्यांच्यापुढे ठेवा. सगळं लिहून न्या, वचनाची जागा रिकामी ठेवा, आणि ते काकांना निवडू द्या.

आईंना माझा सलाम.